आमटीच्या तळाची डाळ

राजाजीनगरात सुब्बाराव भावसारांचं शिवणकामाचं छोटं दुकान आहे, आणि दुकानाच्या वरच त्यांचं घर. घरात मराठी, दुकानात कन्नड, हे त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं. कोट शिवावा तर सुब्बारावांनीच, असं म्हणणारी जुनी गिऱ्हाइकं अजून आहेत.

दोन वर्षांपूर्वी बायको शारदाबाई गेली. मुलगी हर्षिता शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला राहते. "अप्पा, आमच्याकडे या," म्हणून तिने खूप मागे लागून पाहिलं, पण त्यांना दुकान सोडवेना. स्वयंपाक त्यांनी जन्मात केला नव्हता. सकाळी कॉफीत बुडवून बन, दुपारी शेजारच्या अंबूबाईंनी पाठवलेली आमटी आणि भात, रात्री ताक-भात. पोट भरायचं. वर्षभरात स्वतःच्या चारही पँटी त्यांनी कंबरेत आवळल्या. "या वयात सडपातळ झालो बघा," असं गिऱ्हाइकांना हसत सांगायचे.

डिसेंबरात एका नवऱ्या मुलाचा कोट त्यांनी कापायला घेतला. जाड लोकरी कापड. खडूची रेघ अगदी सरळ होती, पण कात्री अर्ध्यावर आली आणि बोटांतलं बळच सरलं. पातं वाकडं गेलं. पाठीचा तुकडा वाया. सुब्बाराव स्टुलावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. तो कोट शेवटी दुसऱ्या शिंप्याकडे गेला.

"माझे हात संपले गं," त्यांनी हर्षिताला फोनवर सांगितलं. "दुकान बंद करतो."

ती दुसऱ्याच दिवशी आली आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर मेघाश्री वयाने लहान, पण घाई न करणाऱ्या. हात दाबून पाहिले, रक्त तपासलं. मग विचारलं, "सर, काल दिवसभरात काय काय खाल्लं?"

सुब्बारावांनी सांगितलं.

"बन, भात आणि भात. यात स्नायूंना काय मिळालं?"

"ताक होतं की."

"स्वल्प ताक, पुष्कळ पाणी." डॉक्टर हसल्या. "तुमची किडनी चांगली आहे, तेव्हा प्रोटीन वाढवायला हरकत नाही. प्रत्येक जेवणात घट्ट डाळ, उसळ, दही किंवा अंडं, काहीतरी हवंच. आणि रोज दहा वेळा खुर्चीवरून हात न टेकता उठायचं."

बाहेर आल्यावर हर्षिता प्रोटीन पावडरचा डबा मागवायला निघाली. "डबा नको. उसळ करायला शिकव," सुब्बाराव म्हणाले.

ती ओशाळली. "मला कुठे येते, अप्पा? आमच्याकडे स्वयंपाकाला बाई येते."

मग शिकवणी अंबूबाईंकडे लागली. पहिल्याच दिवशी त्यांनी सुब्बारावांना आमटी वाढून घेताना पाहिलं आणि म्हणाल्या, "अण्णा, वरचं पाणीच घेताय! डाळ तळाशी बसते. शारदाक्का तुम्हाला रोज खालून ढवळून वाढायची."

सुब्बारावांचा हात तिथेच थांबला. चाळीस वर्षं ते समोर आलेलं ताट जेवले होते. ते कसं येतं, हे कधी पाहिलंच नव्हतं. "मला माहीत नव्हतं, अक्का," एवढंच ते म्हणाले.

पहिली डाळ करपली. दुसरी कच्ची राहिली. मुगाला मात्र झकास मोड आणले, कारण अस्तराच्या कपड्यात पुरचुंडी बांधणं हे शिंप्याचंच काम. सकाळी बनच्या जागी दोन उकडलेली अंडी आली. पावट्यांचे दिवस होते, तेव्हा उसळ रोजचीच झाली. शिवणयंत्राशेजारी फुटाणे-शेंगदाण्यांची बरणी आली, आणि बटणं लावता लावता मूठभर खाणं होऊ लागलं.

पाडव्यापर्यंत शर्ट, ब्लाउज सहज कापता येऊ लागले. जाड लोकरी कापड मात्र ते अजून घेत नाहीत. ते बळ परत येईल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. पण दुकान उघडं आहे.

परवा रविवारी हर्षिता आली. चेहरा उतरलेला, कानाला फोन. तो संपल्यावर सुब्बारावांनी विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस?"

"गाडीत बिस्किटं."

ते उठून स्वयंपाकघरात गेले. मोडाच्या मुगाची उसळ, ज्वारीची भाकरी आणि वाटीभर दही तिच्यापुढे ठेवलं. ती एक घास खाऊन थांबली.

"मीठ कमी झालं का?" त्यांनी काळजीने विचारलं.

"नाही, सरी आहे, अगदी बरोबर." तिने डोळे पुसले आणि वाटी पुढे केली. "अजून वाढा, अप्पा."