आमच्या पलटणीचा छापील इतिहास

पलटणीतल्या गोष्टी काढायच्या नाहीत म्हटलं, तरी मी आणि माझा गिरणीतला, मागावरचा जोडीदार गणपत चहाला बसलो की त्या निघतातच. एकीच्या शेपटीला दुसरी! आमची पलटण राखीव. वर्षभर गिरणीत, वर्षातून एकदा कॅम्पात रायफल, तीही स्वखुशीने. आता मुलुंडच्या आमच्या रिटायर साहेबांनी तिचा इतिहास लिहिला. माहिती घ्यायला भांडुपला आमच्याकडे आले होते. गणपत एवढंच म्हणाला, "मी पळालो नव्हतो, ह्या लिवा." पुस्तक आलं. नातीने वाचून दाखवलं, तेव्हा कळलं आम्ही केवढे शूर!

*

कॅम्पशेजारी कारखाना होता. ऐन परेडमध्ये त्याचा भोंगा झाला. आम्ही सगळे गिरणीवाले. रायफली खाली ठेवल्या आणि हात धुवायला निघालो!

साहेब ओरडतायत, "हॉल्ट! हॉल्ट!" आमचा हवालदार शांतपणे म्हणतो, "साहेब, पाळी सुटली!"

पुस्तकात काय? 'जवानांना विश्रांती देण्यात आली.' दिली म्हणे!

*

एकदा लुटुपुटूची लढाई. साहेबांनी नकाशा उलटा धरलेला. सकाळभर चढून टेकडी घेतली, तर वर लाकडं वेचणारी एक बाई. म्हणाली, "दुसरी पलटण होय? ती पलीकडच्या टेकडीवर. वाट बघून जेवली पण!"

पुस्तकात: 'शत्रूला चकवले.' झकास चकवलं!

*

मोठे साहेब तपासणीला येणार म्हणून आम्ही दगडांना चुना फासला. ते आले, दमले, आणि ओल्या दगडावरच टेकले. उठले तर मागून पांढरेफेक! सांगणार कोण? आमच्या साहेबांनी कडक सॅल्यूट ठोकला.

पुस्तकात: 'पलटणीने आपली छाप पाडली.' हे मात्र खरं!

*

एका पावसाळ्यात आम्हाला पुलाच्या पहाऱ्यावर पाठवलं. गणपत पलीकडच्या टोकाला. पाणी चढलं, साहेबांनी घाईत ट्रक भरला आणि निघाले. गणपतला विसरून! हजेरीत तो नाही, म्हणून लिहिलं 'फरारी'.

तो दोन दिवस तिथेच भिजत उभा. बदली आल्याशिवाय हलायचं नाही, हा साहेबांचाच हुकूम. सापडला, तरी शेरा तसाच ठेवला. खोडला असता तर ट्रक कोणी नेला तेही लिहावं लागलं असतं ना!

आणि पुस्तकात? 'एक जवान पूल सोडून पळाला.' खाली गणपतचं नाव.

प्रकाशनाला मुलुंडच्या हॉलमध्ये गेलो. भाषणं चालू असताना गणपत काठी टेकत स्टेजवर चढला आणि ते पान साहेबांसमोर धरलं.

"अरे गणपत, छापून झालं रे. पुढच्या आवृत्तीत बघू."

"तवसर मी जितो आसान काय?"

साहेबांनी पेन काढलं, ती ओळ खोडली, वर लिहिलं, 'उभा होता.' सही केली. "झालं समाधान?"

गणपत हलला नाही. टेबलावरच्या पुस्तकांच्या थप्पीकडे बघून म्हणाला,

"ह्या एकातच कित्या, सायबानू? सगळी हयच आसत."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि थप्पीतलं पहिलं पुस्तक उघडलं.