नातीच्या बाटलीतला धूर

बायांनो, जेवलात का? माझ्या तोंडाची चव काही जाग्यावर आली न्हाई, म्हणून लिहून राहिले.

माझी नात पल्लवी काल ऑस्ट्रेलियाहून लातूरला आली. लई दिवसांनी पोर दिसली, मी नुसती हरखून गेले! ती तिकडं वाईनच्या कारखान्यात हाय. वाईन म्हणजे द्राक्षाची दारूच की. दुपारी तिनं बाटली काढली, जांभळाच्या रसासारखी लाल.

"आजी, माझ्या हातची पहिली हाय. एकच घोट घे."

घेतला, अन् अगं बाई! चूल पुसलेलं ओलं फडकं तोंडात पिळल्यासारखं झालं. थू थू करत मोरीकडं पळाले. चुळा भरता भरता टँकरची अख्खी कळशी संपवली.

सून ओरडली, "आत्याबाई, पाणी! आता टँकर कधी येतो कुणाला ठाऊक!"

पल्लवीचं तोंड उतरलं. "ही केली त्या साली तिकडं जंगल पेटलं होतं आजी. धूर द्राक्षात मुरला. कारखान्यानं सगळी वाईन ओतून दिली. पहिली म्हणून मी एवढी एक ठेवली."

आमच्या घरात पोरीच्या हातची पहिली भाकरी कोळसा झाली तरी थोरली बाई ती खाते. माझी माझ्या आजीनं खाल्ली होती, तीबी तोंड वाकडं न करता.

मग काय, नाक दाबलं अन् दुसरा घोट गिळला. तोंड मात्र वाकडं झालंच. पल्लवी पोट धरून हसली. मला अजून धुराचे ढेकर येऊन राहिलेत, शी!

तुमची पहिली करपलेली भाकरी कुणी खाल्ली होती, सांगा बरं?