मागच्या चाकाची जाळी

सत्यशीला सायकल शिकली तेव्हा तिला एकोणतिसावं लागलं होतं आणि पोटची पोर अडीच वर्षांची होती. साल १९८४. वालूरपासून चार किलोमीटरवरच्या एका वस्तीवर दोन खोल्यांची शाळा होती, तिथं ती शिक्षिका. एसटी कधी यायची, कधी यायचीच नाही. नवरा कल्याणराव पूर्णेला रेल्वेत, शनिवारी येणार आणि सोमवारी जाणार. त्यानंच तिकडून एक जुनी लेडीज सायकल आणून दिली. साडीतली बाई सायकलवर बघायला गावानं आठ दिवस माना वळवल्या, मग सोडून दिलं.

महानंदाला घरी आजीजवळ ठेवायचं, असं ठरलं होतं. सासूचा, सिद्धम्माचा, नातीवर लय जीव. पण म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका दुपारी सत्यशीला शाळेतून आली तर पोर अंगणातल्या आडाच्या कठड्यावर पालथी पडून आत बघत होती. सिद्धम्मा पाच हातांवर शेंगा फोडत म्हणत होती, "हितंच बस बरं का, महानंदा."

सत्यशीलानं पोर उचलली. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन सिताराम सायकलवाल्याकडं गेली.

सितारामकडं दोन सीटा होत्या. "वेताची हलकी हाय," तो म्हणाला, "पण वरीसभरात पोर मावायची न्हाई तिच्यात. ही लोखंडी बगा. आता पुढं हँडलला अडकवा. थोरली झाली की आकडे काढून मागं कॅरेजवर आवळायची. पाठीला टेकू हाय, पट्टा हाय. सात वर्सांची होईस्तोवर बगायला नको."

सत्यशीलानं पोरीला दोन्हींत बसवून पाहिलं. वेताच्या सीटमध्ये महानंदा खुदखुदली, लोखंडीत कड टोचली म्हणून रडली. तरी तिनं लोखंडीच घेतली आणि कडेला जुन्या गोधडीची पट्टी शिवली. पुढची दोन वर्षं पोर आईच्या पुढ्यात बसून घंटी वाजवत शाळेत गेली.

पाचव्या वर्षात ढोपरं हँडलला लागायला लागली. ओढ्याच्या वळणावर एकदा हँडल फिरेना आणि दोघीही कापसात जाऊन पडल्या. सितारामनं सीट काढून मागं बसवली. मग चाकापाशी उकिडवा बसला आणि बोटानं दाखवत म्हणाला, "बाई, ह्या बाजूची जाळी गंजून गेलीय. लेकराचा पाय तारांत जाईल. मी नवी करून देतो, पण सायकल दोन दिस ठिवावी लागंल."

"सोमवारी शाळेची तपासणी हाय. ती झाली की ठेवते."

तपासणी झाली. मग चाचणी परीक्षा आली, मग मतदारयादीचं काम आलं. दोन दिवस काही निघाले नाहीत. रोज सकाळी पट्टा आवळताना ती बजावायची, "पाय बाहेर धर." महानंदा म्हणायची, "धरलेत, आई." दीड महिना असाच गेला.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी गार वारं होतं. अर्ध्या वाटेत पोरीला डुलकी लागली. सत्यशीलानं विचारलं, "पाय धरलेस का?" उत्तर आलं नाही. तिला वाटलं, रुसली असेल. तेवढ्यात चाक जड झालं, अडलं, आणि मागून जी किंकाळी आली ती तिनं आधी कधी ऐकली नव्हती.

टाच तारा आणि लोखंडाच्या मधे अडकली होती. पुढं ओढावं तर पोर ओरडे, मागं ढकलावं तर रक्त येई. शेजारच्या रानातून बन्सीधर नावाचा शेतकरी विहिरीच्या मोटारीजवळची पक्कड घेऊन धावला. त्यानं एकेक तार तोडली. सत्यशीला पोरीचं तोंड आपल्या छातीशी दाबून तारा मोजत राहिली. सात तोडल्यावर पाय सुटला.

परभणीच्या दवाखान्यात बावीस दिवस गेले. मांडीची कातडी काढून टाचेला लावली. कल्याणराव आला, पोरीच्या उशाशी बसला आणि बायकोकडं न बघता चहा आणायला गेला. घरी आल्यावर सासू काय बोलेल याची सत्यशीला वाट बघत होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

सिद्धम्मानं चाचपत तिचा हात धरला. "तुला बोलू तरी कुण्या तोंडानं?" ती म्हणाली. "त्या दिशी आडापाशी मला पोर दिसली न्हवती. म्हणून तर तू नेलीस."

सत्यशीला तेव्हा पहिल्यांदा रडली. पण हलकं काही वाटलं नाही.

सितारामनं दोन्ही बाजूंना नवी जाळी बसवून दिली. महानंदा मात्र सायकलीजवळ जाईना. सत्यशीला तिला कडेवर घेऊन चालत शाळेत जाऊ लागली. थकली की बांधावर टेकायची. वाटेतले लोक विचारायचे, "बाई, सायकल कुठाय?" ती म्हणायची, "नादुरुस्त हाय."

एका रविवारी ती भाकरी थापत असताना महानंदा लंगडत सायकलीपाशी गेली. हातात कापसाच्या पऱ्हाटीची काडी होती. जाळीच्या एकेका भोकात ती काडी खुपसून बघू लागली. मग बोट घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं बरेच दिवस चाललं. सत्यशीलानं बघून न बघितल्यासारखं केलं.

एके सकाळी पोर म्हणाली, "बसव मला. पण मी झोपले तर?"

"मी झोपूच देणार न्हाई."

त्या दिवसापासून चार किलोमीटर ती अखंड बोलत राही. पाढे, कुणाचं रान कुणाचं, जे सुचेल ते. मधेच विचारी, "पाय?" मागून आवाज येई, "हाईत."

सात वर्षांची झाल्यावर महानंदा त्या सीटमधून उतरली आणि बाराव्या वर्षी स्वतःची सायकल चालवू लागली. चालवायला अडचण नव्हती, पळता तेवढं येत नव्हतं. शाळेच्या खेळांत ती कडेला बसून दुसऱ्यांच्या चपला सांभाळायची. सत्यशीलानं हे एकदा कुंपणाबाहेरून पाहिलं आणि हाक न मारता परतली.

थंडीत टाचेची कातडी फाटायची. त्या हिवाळ्यात तेल चोळताना सत्यशीला कशीबशी म्हणाली, "त्या दिवशी मी उतरून बघायला पाहिजे होतं गं."

"कोणत्या दिवशी?" महानंदानं विचारलं. मग तिच्या ध्यानात आलं. "मला जाळी आठवती, दवाखाना आठवतो. तो दिवस काय आठवतच न्हाई बघ. तू कशाला आठवायलीस?"

इतकी वर्षं मनात जुळवून ठेवलेले शब्द सत्यशीलाच्या तोंडात आले आणि तिथंच थांबले. ज्याची माफी मागायची, ते पोरीजवळ नव्हतंच. ते एकट्या तिच्यापाशी होतं. तिनं पुन्हा तेलात बोटं बुडवली आणि पाय मांडीवर नीट घेतला.