जागा ध्यानात ठेवणारा डबा

मी चिडका माणूस आहे, चामोर्शीत कुणालाही विचारा. रेडिओ, टीव्ही, माइक, स्पीकर दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं. गिऱ्हाईकाने वस्तू आधी घरीच उकरून मग माझ्याकडे आणली की माझं डोकं फिरतं. "इथी काऊन आणला मंग? पुरा खोलून टाकायचा होता ना घरीच!" असं मी तोंडावर म्हणतो. हिवाळ्यात वडशाच्या नाटक कंपन्यांचे माइक माझ्याकडे येतात. नुसती खरखर ऐकून कुठली वायर सुटली ते मी सांगतो. हे सांगायचं कारण एवढंच, की यंत्राच्या बाबतीत मला कुणी शिकवलेलं खपत नाही. आणि तिथेच मी माती खाल्ली.

मासे धरायचा नाद मला शांत करायचा. गळ टाकून बसलो की चार-चार तास कुणावर ओरडणं नाही, म्हणून बायकोही कधी आड आली नाही. आमच्याकडून सात-आठ किलोमीटरवर एक जुना मोठा तलाव आहे. खालच्या धानाला त्याचंच पाणी जातं. मासेमारी ढिवरांच्या, म्हणजे इथल्या कोळ्यांच्या, सोसायटीकडे आहे. बाहेरच्या माणसाला ते गळसुद्धा टाकू देत नाहीत. मला देत, ते एका म्हाताऱ्या ढिवरामुळे. त्यांना मी भाऊ म्हणायचो. त्यांचा रेडिओ कितीदा मेला आणि मी कितीदा जिवंत केला याची गणतीच नाही. त्यांनी मला सोसायटीच्या माणसांसमोर उभं केलं आणि सांगितलं, "हा माह्या भरवशावर पाण्यात येईन. याचं काई चुकलं तं मले विचारजा." त्यांचा शब्द चालायचा. कारण वर्षाचं पहिलं जाळं त्यांच्या हातचं. त्यांचं जाळं पाण्याला लागल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं लागत नसे.

मग मी एक जुनी फायबरची बोट घेतली, दोन माणसं बसतील एवढीच. भाऊ पुढे बांबू घेऊन बसायचे. बांबू टेकवून सांगायचे, इथी रेती आहे, इथी गाळ, इथी जुन्या झाडाचं खोड. मी मागे बसून हसायचो. मनात म्हणायचो, बाप्पा, यंत्र चंद्रावर गेलं आणि आम्ही बांबूनं तलाव चाचपून राह्यलो!

म्हणून मासे दाखवणारं यंत्र घ्यायचं ठरवलं. पाण्यात आवाज सोडायचा, तो तळाला किंवा माशाला आपटून परत आला की ऐकायचा आणि पडद्यावर काढायचा. म्हणजे माझाच धंदा की! तीन महिने मी दुसरं काही बोललो नाही. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, नागपूरच्या दुकानांना फोन केले, बायकोचं डोकं खाल्लं. ती म्हणाली, "पोरीसाठी पोरगा पाह्यला तवा एवढी चौकशी नाई केली तुमी."

शेवटी तीनच उरले. पहिला नुसता बॉल, दोरीला बांधून पाण्यात फेकायचा आणि मोबाईलवर चित्र पाहायचं. तो मी बाद केला, उन्हात मोबाईलचा पडदा काय दिसणार, कपाळ? दुसरं लहान पडद्याचं, खोली आणि मासे दाखवणारं. आमच्या दहा-बारा फुटांच्या पाण्याला पुरून उरणारं. तिसरं मोठं. त्यात नकाशा होता, आणि मासे दिसले तिथे बटण दाबलं की झेंडा लागायचा. वर्षानंतरही बोट बरोबर त्या झेंड्यावर नेऊन उभी करता येत होती.

मला तिसरंच हवं होतं, पण मोठेपणा म्हणून मी भाऊंना विचारलं. त्यांनी दोन्हींचे फोटो बराच वेळ पाहिले.

"खोली सांगते ते घे," ते म्हणाले. "जागा ध्यानात ठेवते ते नोको घेऊ."

"काऊन, भाऊ?"

"जागा माणसाच्या ध्यानात राह्यली तं माणसाले लाज असते. डब्ब्याले का लाज असते?"

मला राग आला. जन्मभर बांबू धरलेला माणूस मला यंत्र शिकवतो! हो हो म्हणालो आणि तिसरं मागवलं.

ते असं काऊन म्हणाले हे मला कळत नव्हतं असं नाही. मला चांगलं माहीत होतं. तलावाची पाळ बांधताना जिथून माती काढली तिथे तळाशी एक खोल खड्डा राहिला आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं की बीजाचे, म्हणजे पावसात अंडी घालणारे, मोठे मासे तिथे जाऊन बसतात. ढिवर त्याला राखणीचा डोह म्हणतात. पावसाने तलाव भरेपर्यंत तिथे जाळं नाही, गळ नाही, बांबूही टेकवायचा नाही. तो नेमका कुठे आहे हे फक्त तीन म्हाताऱ्यांना माहीत असतं, भाऊ त्यातले एक. त्यातला एक गेला की उरलेले दोघं आणखी एकाला दाखवतात. बाकीच्यांनी विचारायचं नसतं. मी एकदा विचारलं होतं. भाऊ म्हणाले, "भूक लागली का तुले?" आणि शिदोरी सोडली.

यंत्र आलं. स्कूटरची बॅटरी एका डब्यात बसवली, आवाज सोडणारा भाग मागच्या फळीला पाण्याखाली लावला. दोनदा जागा बदलली, कारण वल्ह्याचे बुडबुडे मधे येत होते. तळ असा स्वच्छ उमटला की मी लहान पोरासारखा खूश झालो. गाळ मऊ दिसायचा, रेती कडक दिसायची. भाऊ बांबू टेकवून "गाळ" म्हणायचे तेव्हा माझ्या पडद्यावरही गाळच असायचा. खरं सांगतो, मला त्याचं थोडं वाईटच वाटायचं. एकदा तरी म्हातारा चुकावा असं वाटायचं.

मे महिन्यात एका सकाळी भाऊ पुढे बसले होते आणि बोट नेहमीप्रमाणे वळव म्हणत होते. ते नेहमी एका ठिकाणाला वळसा घालायला लावायचे, उगाच, गप्पा मारता मारता. त्या दिवशी मी मुद्दाम वळवली नाही. पडद्यावर तळ एकदम खाली गेला, आणि मग कमानी दिसल्या. एक मासा म्हणजे एक कमान. तिथे कमानीवर कमानी होत्या, मोठ्या, जाड, पडदा भरून. माझं बोट आपोआप बटणावर गेलं. टुक् करून आवाज आला आणि झेंडा लागला.

भाऊंनी मागे वळून पाहिलं. त्यांनी तो बांबू आडवा मांडीवर घेतला होता.

"मिटव," ते म्हणाले.

मी बटण दाबलं. यंत्राने विचारलं, खरंच मिटवायचं का, हो की नाही. मी 'नाही' दाबलं. का दाबलं? तिथे मासे धरायचा माझा विचार नव्हता, देवाशपथ नव्हता. पण तीन महिने शोधून आणलेल्या यंत्राने जे पहिल्यांदा खरं काही शोधलं, ते पुसायला हात होईना. माझ्या पडद्यावर माझा झेंडा असावा, बस्स.

"मिटवला, भाऊ," मी म्हणालो.

"हव," ते म्हणाले आणि तोंड पुढे केलं.

दुकानात मी ते यंत्र काउंटरवर ठेवायला लागलो. येणाऱ्या-जाणाऱ्याला चालू करून दाखवायचो. एक जुना गिऱ्हाईक, त्याचीही लहान बोट होती, म्हणाला, "दोन दिवस देता का? पटलं तर असंच घेतो, तुमच्याच सल्ल्यानं." तुमच्याच सल्ल्यानं! एवढं ऐकलं आणि मी फुगलो. डबा त्याच्या हातात देताना झेंडा मला आठवला होता. मी विसरलो असतो तर आज मन एवढं खात नसतं. आठवला होता, पण त्याच्यासमोर पुसला असता तर त्याने विचारलं असतं, हे काय आहे, आणि पुसलं तर मग मलाही ती जागा परत सापडली नसती. दिला तसाच.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. बायको मासळीची पिशवी घेऊन उड्या मारतच आली. "पाहा तरी, केवढा रोहू! असे मासे या दिवसांत कवा पाह्यले का तुमी?" तिने विळीवर धरून पोट फाडलं. आत अंडीच अंडी, गच्च, पिवळी. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. मला काय ते कळलं. तरी मी ते जेवलो. बायकोने दुसऱ्यांदा वाढलं, तेव्हा ताट पुढे केलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

डबा परत आला. "मस्त आहे हो, काय मासे दाखवते!" गिऱ्हाईक म्हणाला. मी झेंडा पुसला. खूप लवकर पुसला म्हणायचा!

मग बातमी आली, माझ्याच दुकानात, दुसऱ्या एका माणसाच्या तोंडून. डोहात कुणीतरी जाळं टाकलं, बीजाचे मासे गेले, सोसायटीची बैठक झाली. जागा तिघांनाच माहीत होती, तेव्हा तुमच्या त्या म्हाताऱ्यानेच विकली म्हणतात. पहिलं जाळं आता त्याच्या हातचं नाही. मी समोरच्या माइकची वायर जोडत होतो. जोडतच राहिलो. "असं का?" एवढंच म्हणालो.

सहा महिने मी तलावाकडे फिरकलो नाही. उठलो की ठरवायचो, आज जाऊन सांगतो. दुकान उघडलं की काही ना काही काम निघायचं. काम नसलं तर मी काढायचो. बायकोवर आणि गिऱ्हाइकांवर आधीपेक्षा जास्त ओरडायला लागलो. भाऊंचा रेडिओ दुरुस्तीला आला नाही. तो इतके दिवस न बिघडता चालू असेल असं काही नव्हतं.

धान कापून झाल्यावर तलावात पहिलं जाळं पडतं. त्या सकाळी मात्र मी गेलो. पाळीवर सगळी माणसं जमली होती. भाऊ बाजूला, एका दगडावर, हातात काही नाही. जाळं एका दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर होतं. तो पाण्यात उतरायच्या आत मी मोठ्याने म्हणालो, "थांबा. भाऊंनी जागा नाई विकली. माह्या यंत्रात होती. मिटवली असं मी भाऊंले खोटंच सांगतलो, आणि यंत्र दुसऱ्याले देल्लो."

 मग जाळंवाला माणूस शांतपणे म्हणाला, "मालूम आहे जी. तुमचा डब्बा त्या जाळं टाकणाऱ्याच्या बोटीवर आमच्या माणसानं पाह्यला होता. भाऊनं त्याच दिवशी बैठकीत सांगतला, जागा त्या डब्ब्यातच राह्यली होती म्हणून."

"मंग पहिलं जाळं काऊन काढून घेतलं त्याईच्याकडून?"

"आमी नाई काढलं. त्याईनंच ठेवून देल्लं. म्हणे, त्याले पाण्यात मी आणलो, तं चुकलं माह्यंच. गावातले लोक काईही बोलतात." त्याने जाळं खांद्यावर सारखं केलं. "तुमी येऊन सांगाल म्हणून वाट पाहून राह्यलो होतो. लय दिवस लागले तुमाले."

जाळं पडलं. ओढलं तेव्हा हलकंच आलं. पहिल्या जाळ्याचा वाटा पाळीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला मिळतो, मग तो कुणीही असो. मी नको म्हणालो, पण तिथे नको म्हणता येत नाही. माझ्या पिशवीत चार मासे पडले, बोटाएवढे. एवढ्या तलावाचं पहिलं जाळं, आणि बोटाएवढे मासे.

जाताना मी भाऊंसमोर उभा राहिलो. हात जोडावेत की पाय धरावेत, काही कळेना.

"मिटवला का आता?" त्यांनी विचारलं.

"मिटवला, भाऊ. खरंच मिटवला."

"हव," ते म्हणाले, आणि तोंड पाण्याकडे केलं.

अगदी तोच आवाज, तसंच तोंड फिरवणं, आणि आज तर त्यांना सगळं माहीत होतं. आयुष्यभर मी आवाजावरून बिघाड ओळखत आलो, पण बोटीतला तो पहिला 'हव' मला ऐकू आला नव्हता. मी खोटं बोललो हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. तरी ते गप्प बसले, कारण झेंडा मी स्वतःहून पुसेन असं त्यांना वाटलं होतं.