हिऱ्यावर लिंबू

पृथ्वीच्या पोटातले रहस्य जाणणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला. तो डोणगावला विहिरी खोदायचा.

माझ्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात खनिजांचे वर्ग पानेच्या पाने होते. त्याच्याकडे दगडाच्या तीनच जाती होत्या: पाणी देणारा, पाणी अडवणारा आणि सुरुंग फुकट घालवणारा. नवा दगड हाती आला की तो आधी चाटायचा, मग कानाशी धरून वाजवायचा.

एका उन्हाळ्यात तो खोदत असलेल्या देशमुखांच्या अर्धवट विहिरीत चकाकणारे खडे निघाले. देशमुखांनी खोदकाम थांबवले, पहारा बसवला आणि हिरे पाहायला तहसीलदारांना बोलावणे धाडले. आठवडा गेला. गुरे कोरड्या हौदाला जिभा लावू लागली.

शेवटी तो देशमुखांपुढे जाऊन उभा राहिला. त्याने खिळ्याने खडा खरवडला आणि भुकटीवर लिंबू पिळले. बारीक फेस आला.

"हिरा असा फसफसते काय, मालक?"

"मंग काय आहे बे हे?"

"चुन्याचा भाऊ. भाकर फुगते तसा हा दगड कधी तापून फुगला. पोकळीत पाणी झिरपलं, अन् हे खडे जमले. पाणी जवळच आहे जी, मले उतरू द्या."

माझ्या पुस्तकाला एवढे सांगायला अख्खा अध्याय लागला होता.

देशमुखांनी पहारा उठवला. चार हातांवर झरा लागला.

तहसीलदार झरा लागल्यावर तिसऱ्या दिवशी आले. दोन तांबे पाणी प्यायले आणि परत गेले.