रेमंडची रविवारची हजेरी

वसईजवळच्या गास गावच्या रेमंडला एक वाईट खोड होती. कुणी काही मागितलं की त्याच्या तोंडून आधी ‘घे’ निघायचं आणि विचार मागाहून यायचा. वाडीतली केळी असोत, मोटरसायकल असो, नाहीतर विहिरीवरचा पंप. बायको फ्लोरा म्हणायची, "तुझ्याकडे कुणी डोळे मागितले तर काढून देशील, आणि वर चष्मापण देशील." रेमंड हसायचा. भल्या माणसांच्या या हसण्याचा खरं तर राग यायला हवा, कारण त्यानेच समोरच्याची भीड चेपते.

तरुणपणी तो वसईतल्या एका पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात लागला. तिथे दारातल्या यंत्रात कार्ड सारलं की त्यावर वेळ छापली जायची, तीच हजेरी. कुणाच्या घरी मयत, कुणाची भातलावणी, कुणाला नुसतीच झोप आलेली. पण कार्ड प्रत्येकाचं वेळेवर पडायचं, कारण शेजारचा माणूस ते सारायचा. याला तिथे कुणी लबाडी म्हणत नसे. उलट, दुसऱ्याचं कार्ड सारायला जो नाही म्हणे त्याच्याशी कुणी धड बोलत नसे. आणि पकडलं गेलं तर नाव सांगायचं नाही, हा तिथला अलिखित कायदा होता.

काशीराम तिथेच रेमंडच्या शेजारच्या मशीनवर. अर्नाळ्याचा कोळी. मासळीच्या दिवसांत भावाच्या होडीवर माणूस कमी पडला की काशीराम समुद्रात आणि त्याचं कार्ड रेमंडच्या हातात. दुसऱ्या दिवशी रेमंडच्या घरी बोंबील नाहीतर पापलेट यायचं. असा तो हिशेब वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला.

मग कारखान्याला टाळं लागलं. चाळिशीला टेकलेला रेमंड तुळिंजच्या एका क्लासात कॉम्प्युटर जोडायला शिकला. बरोबरची पोरं त्याला अंकल म्हणायची, पण वायरी ओळखण्यात त्याचा हात बसला. कामणला औषधांचं एक मोठं गोदाम नवीन निघालं होतं, तिथलं नेटवर्क त्याच्याकडे आलं. ही नोकरी गेली तर दुसरी मिळणार नाही, हे तो पक्कं जाणून होता. पदवी नाही, वय उतरलेलं, आणि क्लासातून दर महिन्याला नवी पोरं बाहेर पडताहेत. त्याला कोण विचारणार? तरीही जरा बूड टेकताच त्याने पहिलं काम काय केलं, तर घरी बसलेल्या काशीरामला तिथे मदतनीस म्हणून चिकटवून दिलं. कंत्राटी, पण पगार दर महिन्याचा.

गोदामातले सगळे कॉम्प्युटर एका स्विचला जोडलेले होते. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. एक चपटी लोखंडी पेटी, तोंडावर ओळीने भोकं, प्रत्येक भोकाला पोर्ट म्हणायचं आणि प्रत्येकात एकेक वायर. त्यातली एक वायर मुंबईच्या हेड ऑफिसकडे जाणारी. ती लाइन पडली की बिलं निघत नाहीत, आणि बिलाशिवाय ट्रक हलत नाही. लाइन पडली की मॅनेजर रेमंडवर ओरडायचे. का पडली, हे रेमंडला सांगता येत नसे. स्विच काय घडलं ते टिपून ठेवतो खरा, पण स्वतःच्या डोक्यात. वीज गेली की डोकं कोरं. आणि त्या वर्षांत वसई पट्ट्यात वीज रोजच जायची.

"म्हणजे पडलं का ते तुलाच ठाऊक नाही. मग तुला ठेवलाय कशाला?" मॅनेजर एकदा सगळ्यांदेखत म्हणाले.

ते रेमंडच्या फार जिव्हारी लागलं. त्याने भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर उचलला, झाडूनपुसून मॅनेजरच्या केबिनमध्ये मांडला आणि इन्व्हर्टरवर घेतला. त्यात नोंदी झेलणारा प्रोग्राम टाकला. मग एका ओळीत स्विचला त्या कॉम्प्युटरचा पत्ता दिला आणि हुकूम दिला की जे घडेल ते लगेच तिकडे कळव. तो हुकूम सेव्हही केला, म्हणजे वीज गेली तरी टिकतो. स्विचचं घड्याळही नीट लावलं, नाहीतर वेळ भलतीच पडते. नुसत्या मोठ्या दुखण्याची वर्दी मागवायची की बारीकसारीकही, ते आपल्या हातात असतं. रेमंडने बारीकसारीकही मागवलं: कुठला पोर्ट बंद पडला, कुणी आत येऊन काय बदललं, सगळं नावानिशी. त्याने एक वायर उपटून दाखवली आणि पडद्यावर ओळ उमटली. मॅनेजर खूश झाले. पुढचे काही आठवडे त्या ओळींनी रेमंडची बाजू राखली. कधी वीज, कधी उंदरांनी कुरतडलेली वायर. दोष त्याचा नसायचा, आणि ते आता दाखवता यायचं. बिचारा घरी जाऊन फ्लोराला त्या ओळी तोंडपाठ म्हणून दाखवायचा.

याच सुमारास गोदाम रविवारीही चालू झालं. रेमंडला रविवार सोडणं शक्य नव्हतं. त्याचा बाप सॅन्टन अर्धांगवायूने खाटेला खिळलेला, पण चर्चमधली रविवारची मिस्सा चुकली तर जेवायचा नाही. त्याला न्हाऊ घालून, दोघांनी उचलून रिक्षात बसवावं लागे. रेमंडने मॅनेजरला विचारून पाहिलं. ते म्हणाले, जमत नसेल तर सांग, दुसरा बघतो.

"जा तू देवलात. मी बसतो ना," काशीराम म्हणाला. "तू माजं कार्ड काय थोडं सारलंय?"

झालं. रेमंडने त्याला स्विचचा आपला पासवर्ड दिला. एखादं यंत्र अडलं तर त्याचा पोर्ट बंद करून पुन्हा चालू कसा करायचा, तेवढं शिकवलं. मस्टरवर रेमंडची सही काशीराम करायचा, हुबेहूब. दोघांच्याही मनात काही आलं नाही. कार्ड सारायचं तसं नाव सारायचं, एवढंच. पण ते जुनं यंत्र मुकं होतं, आणि हे नवं यंत्र बोलायला रेमंडनेच शिकवलं होतं, हे त्याच्या ध्यानात यायला नको होतं का?

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी सॅन्टनला स्वतःच्या हातात झावळी धरायची होती. चालणाऱ्या डाव्या हातात ती धरून तो चर्चमध्ये बसला आणि रेमंडने फोन बंद ठेवला. तिकडे गोदामात माल चढवायच्या जागेवरचं एक यंत्र अडलं. काशीरामने शिकवल्याप्रमाणे पोर्ट बंद केला, फक्त चुकीचा. हेड ऑफिसचा. काय झालं ते त्याला कळलंच नाही. मुंबईचीच लाइन गेली असेल असं ड्रायव्हरांना सांगून तो बसून राहिला. भरलेले ट्रक उन्हात उभे राहिले. त्यांत बर्फात ठेवलेली इंजेक्शनं होती. रेमंड दुपारी फोन चालू करून धावत पोचला तोवर बर्फाचं पाणी झालं होतं.

चौकशीला हेड ऑफिसमधून सुरुची नावाच्या बाई आल्या. आवाज न चढवणाऱ्या, नीट वाचून बोलणाऱ्या. केबिनमधल्या कॉम्प्युटरवर त्यांनी त्या रविवारच्या ओळी काढल्या.

"बिघाडाने लाइन पडली तर इथे नुसतं ‘डाउन’ येतं, बरोबर?"

"हो मॅडम."

"इथे ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ आहे. म्हणजे आत शिरून कुणीतरी हुकूम देऊन बंद केली."

"हो."

"नाव तुमचं आहे. मस्टरवर सही तुमची आहे. तुमच्याशिवाय पासवर्ड कुणाला माहीत आहे?"

काशीराम दारातच उभा होता. रेमंडने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहणं म्हणजेच नाव सांगणं झालं असतं. सांगून सुटकाही नव्हती. पासवर्ड दिला, खोटी हजेरी लावून घेतली, दोघांचीही हकालपट्टी. पण काशीराम आपण होऊन म्हणाला असता की हात माझा होता, त्याच्या आजारी बापापायी मी बसलो होतो, तर बाईंनी कदाचित ऐकलं असतं. त्या एका ‘कदाचित’वर रेमंड उभा होता.

"कुणाला नाही," तो म्हणाला, आणि थांबला.

बाईंनी दाराकडे पाहिलं. "तुम्ही होता ना रविवारी? आत कोण होतं?"

"मी बाहेर मालाजवल होतो मॅडम," काशीराम म्हणाला. "आत साहेब होते."

इतक्या वर्षांत काशीरामने त्याला साहेब कधी म्हटलं नव्हतं.

त्याला आठवडाभर घरी बसायला सांगितलं. "या मुदतीत आणखी काही पुढे आलं तर बघू, नाहीतर निर्णय झालाच समजा," सुरुची जाताना म्हणाल्या. रेमंडने घरी येऊन फ्लोराला सगळं सांगितलं. ती जागची उठली. "मी जाते अर्नाळ्याला. त्याच्या बायकोसमोर विचारते."

"नको. तो घाबरलाय. दोन पोरी शाळेत आहेत त्याच्या. करेल फोन."

"त्याला पोरी आहेत, आणि तुला कोणी नाही?"

खाटेवरून सॅन्टनने विचारलं, कामाला का जात नाहीस? सणाची सुट्टी, असं रेमंडने सांगितलं. बाप खूश झाला. आठवडाभर मुलगा त्याच्या उशाशी बसलेला होता, पण लक्ष सगळं फोनकडे. विहिरीवर जातानासुद्धा तो फोन खिशात ठेवायचा. वाटायचं, माणूस एकदा चुकतो. बावीस वर्षांपासूनचा मित्र दुसऱ्यांदा चुकणार नाही. फ्लोराला त्याची कीवही यायची आणि संतापही.

ईस्टर गेला. मुदत संपायच्या आदल्या दुपारी फोन वाजला. काशीरामचं नाव बघून रेमंडने तो लगेच उचलला. फ्लोरा हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली.

"बोल काश्या," रेमंड म्हणाला.

"बरा हाय ना? म्हातारा कसा हाय?"

"बरा आहे. बोल."

"अरे, तुजं नाव काढलं नि माजं टाकलंय मशीनमदे. नवीन मानूस येईस्तवर मीच बघायचं, असं सांगितलंय." मग काशीरामचा आवाज खाली आला. "ते जे सगलं लिवून केबिनमदे पाठवतंय ना, ते बंद कसं करायचं? आता माजं नाव येतंय रे त्याच्यात. मला काय जमत नाय, चुकलं तर मेलोच मी."

रेमंडने डोळे मिटले. फ्लोरा दारातून मान हलवत होती, नको, सांगू नको. तिच्याकडे त्याने पाठ केली.

"पत्त्याची जी ओळ आहे ना, ती तशीच टाइप कर, फक्त सुरुवातीला ‘नो’ लाव," तो म्हणाला. एकेक अक्षर त्याने सावकाश सांगितलं, काशीरामकडून परत म्हणून घेतलं. पलीकडून सुटकेचा निःश्वास ऐकू आला. काशीराम फोन ठेवणार तेवढ्यात रेमंड पुन्हा बोलला.

"आणि सेव्ह कर. नाहीतर लाइट गेली की ते परत तुझं नाव पाठवायला लागेल."