वर चढणारं पाणी

पाणी उताराकडे जातं हे साऱ्या जगाला मान्य आहे. मान्य नाही ते फक्त माझ्या थोरल्या साडभावांना. साडभाऊ म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. अमडापूरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला त्यांचं शेत आहे, शेताच्या तळाशी नाला आहे, आणि नाल्यात त्यांनी स्वतःच्या हातानं बसवलेला एक पंप आहे. तो वीज मागत नाही, डिझेल मागत नाही, नुसता टक्-टक् करत वाहत्या पाण्यातलं थोडं पाणी टेकाडावर चढवतो आणि बाकीचं सोडून देतो. त्याचं खरं नाव रॅम पंप. गावात त्याला टकटक्या म्हणतात, आणि साडभावांच्या माघारी साडभावांनाही तेच म्हणतात.

हा पंप कसा चालतो हे साडभावांनी समजावून सांगितलं नाही असा माणूस आसपासच्या गावांत उरलेला नाही. "पाणी पाइपातून धावत येते. झडप फट्कन लागते. मंग त्याले जायले जागाच नाई! थे चिडते, अन् चिडलं का वर चढते." एका लग्नात हात धुताना त्यांनी नळाच्या तोंडाला अंगठा लावून हे प्रत्यक्ष दाखवलं आणि नवरदेवाच्या मामाचा कोरा सदरा गळ्यापर्यंत भिजवला. मामा तांबडालाल होऊन अंगावर धावून आला, तर त्याच्याकडे बोट दाखवून हे मला म्हणतात, "पाहा भाऊ, असंच!"

पंपाची हवेची टाकी म्हणजे मलकापूरच्या भंगारातून आणलेलं, आग विझवायचं जुनं नळकांडं. झडपेचं रबर ट्रॅक्टरच्या फाटक्या ट्यूबचं. नाला वाहतो तेवढे महिने त्यांचा एक कान नाल्याकडे असतो. बोलता बोलता एकदम बोट वर करतात, समोर व्याही असो की तलाठी, त्याला गप्प बसवतात, ऐकतात, आणि "चालू हाये" म्हणून अर्धवट सोडलेलं वाक्य पुन्हा धरतात. नाला आटला की मात्र त्यांना करमत नाही. उन्हाळाभर ओसरीवर पंप उघडून एकेक नट रॉकेलमध्ये धूत बसतात. आमच्या अक्का, म्हणजे त्यांची बायको, म्हणतात, "माह्या आजारपणात इतकी सेवा नाई केली यायनं."

आता एवढा खटाटोप करून ते पाणी जातं कुठे? साडभावांच्या शेतात नाही; त्यांचं शेत तर नाल्याला लागूनच आहे. पाणी जातं वर, त्यांच्या थोरल्या भावाच्या बरड जमिनीच्या बांधावर साडभावांनीच बांधलेल्या टाकीत. आणि दादा, म्हणजे तो थोरला भाऊ, त्यांच्याशी बोलत नाही.

आमच्याकडे वाटणीची रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. दादांनी एक वाटा पाडला नाल्याकाठचा, काळ्या मातीचा, आणि दुसरा वरचा, मुरमाड पण मोठा. "उचल," म्हणाले. अशा वेळी धाकट्यानं एकदा तरी "आधी तू घे, दादा" म्हणायचं असतं. थोरला काही घेत नाही, पण म्हणायचं असतं. साडभाऊ पडले सरळ माणूस. त्यांनी खालचा वाटा उचलला आणि चहा मागवला. आपलं काही चुकलं हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत दादा चप्पल घालून वर निघून गेले होते. त्या दिवसापासून त्यांच्यात बोलणं नाही.

मी एकदा विचारलं, "साडभाऊ, एवढं करता तं सरळ मोटार काऊन नाई लावत?"

"मोटारीले बटन असते भाऊ. बटन कोणीतरी दाबते. म्या दाबलं का उपकार झाला, अन् उपकाराचं पाणी दादा घेत नाई. याले बटनच नाई. पाणी आपल्या मनानं चढते. त्याच्यात माहा काय संबंध?"

मला आधी हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं. एका भावाशी न बोलता बोलण्यासाठी माणूस किती पाइप टाकतो!

दादाही काही कमी नाहीत. बांधावरची टाकी पहिल्या साली भरून वाहिली, त्यांनी बोट बुडवलं नाही. उलट पारावर तक्रार केली की कोणाचं तरी पाणी आपल्या हद्दीत येऊन राह्यलं. त्यांच्या म्हशीला मात्र वाटणीतलं काही ठाऊक नव्हतं. ती एका दुपारी आली आणि पोटभर प्याली. साडभाऊ टेकाडावरून पळतच खाली आले. "प्याली! म्हैस प्याली!" त्या संध्याकाळी त्यांनी गावात पेढे वाटले, आणि कशाचे ते कोणालाच सांगितलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी गेलो होतो. आम्ही दोघं नाल्याच्या काठी बसलो होतो, आणि झडपेत पळसाचं पान अडकून पंप थांबला. साडभावांनी पान काढायला पाण्यात हात घातला एवढ्यात वरून आवाज आला. बांधावर दादा उभे होते, डोक्याला दुपट्टा, हात कमरेवर. आमच्याकडे नव्हे, माझ्या एकट्याकडे बघत ते ओरडले, "ओ पाहुणे! त्याले म्हणा, बंद पडलं थे!" आणि उत्तराची वाट न पाहता वळून गेले.

साडभाऊ तसेच पाण्यात हात घालून बसले. "काय म्हणला?" त्यांनी विचारलं. सगळं त्यांनी ऐकलं होतं. तिथून तिथं एवढं अंतरच नव्हतं. तरी मी सांगितलं.

"त्याले म्हणा, असं म्हणला?"

"हो."

"त्याले म्हंजे मलेच नं?"

"तुमालेच. दुसरं कोण हाये इथं?"

त्यांनी पान काढलं, अंगठ्यानं झडप दाबून पंप पुन्हा चालू केला. वर बघायची त्यांची छाती झाली नाही. त्यानंतर आजपर्यंत दादा एक शब्द बोललेले नाहीत. पण साडभावांचा अधूनमधून फोन येतो. पोरांची चौकशी होते, सोयाबीनचा भाव होतो, मग ते घसा खाकरतात. "भाऊ, त्या रोजी दादा काय म्हणला होता, एकडाव सांगा बरं." मी सांगतो, दादांच्याच आवाजात, ओरडून. ते हळूच म्हणतात, "हाव. असंच म्हणला होता."